अनुभव धागा : मान-मणक्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन कोणी करून घेतलंय?

वय ४६. मानेतली सी५-सी६ची, म्हणजे पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी सरकलीय, उजव्या हाताला अंगठ्यापर्यंत मुंग्या. एक डॉक्टर म्हणतात गळ्याकडून करू, दुसरे म्हणतात मागून, दुर्बिणीतून, छोट्याशा छिद्रातून. घरात दोन तट पडलेत. सल्ला डॉक्टर देतीलच, तुम्ही काय भोगलंत ते लिहा.

सातारा – माझं कमरेचं, एल४-एल५. पालथं झोपवलं, भूल जागेपुरतीच. डॉक्टर मधूनमधून विचारायचे, "काका, पायात कळ येतेय का?" नसेला धक्का लागला की मी ओरडायचो, तोच त्यांचा इशारा. चीर बोटाच्या नखाएवढी, टाका एक. संध्याकाळी स्वतः बाथरूमला गेलो. मग माती खाल्ली. एकच टाका म्हणून दहाव्या दिवशी भरलेला सिलिंडर उचलला. गादीला पडलेलं भोक इतक्यात भरत नाही, हे पुन्हा टेबलावर गेल्यावर कळलं.

नागपूर – आईबद्दल लिहिते. मान फारशी दुखतच नव्हती. ब्लाउजचे हुक लागेनात, चालताना तोल जायचा. आम्ही वर्षभर 'वय झालं' म्हणत राहिलो. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच तीन ठिकाणी दबलेला निघाला. दुर्बिणीचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, एवढं एका छिद्रातून मोकळं होणार नाही. मोठंच ऑपरेशन झालं. पडणं थांबलं, हुक मात्र अजूनही मीच लावते.

ठाणे – लघवी अडकली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर धागा वाचत बसू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

कोल्हापूर – दादा, माझंही सी५-सी६च, गळ्याकडून केलं. चीर दीडेक इंच, सुरकुतीतच, आता शोधावी लागते. स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. शुद्धीवर आलो तर हातातली कळ गायब! पण दोन आठवडे पेज आणि मऊ भात, आवाज घोगरा, भजनात महिनाभर नुसता टाळ. दोन मणके जोडलेत, वर बघताना थोडं जाणवतं. मागून केलं तर बहुधा जोडावे लागत नाहीत. पण गादी मधोमध फुगली असेल तर तिकडून पोचता येत नाही, आड मज्जारज्जू येतो. तुमची मधे आहे की बाजूला, ते आधी विचारा. चिरेची लांबी नंतर.

डोंबिवली – मी केलंच नाही. गोळ्या, व्यायाम, नसेजवळ एक इंजेक्शन. तिसऱ्या महिन्यात कळ गेली. हातातली ताकद शाबूत होती म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं. 'लेझरने एका दिवसात' वाल्या जाहिराती मात्र मोबाइलवर अजून येतात.

धागाकर्ता – फाइल काढून बघितली. 'उजव्या बाजूला' लिहिलंय. ताकदीचं कोणी तपासल्याचं आठवत नाही. सोमवारी दोन्ही विचारतो.