डायक्रोमेटच्या हाफ रिअ‍ॅक्शनमध्ये ९ इलेक्ट्रॉन येऊन राहिले, पुस्तकात ६ आहेत

महालची_बारावी:
सोमवारी तोंडी आहे अन् मी एकाच गणितात अडकून बसली. आम्लात डायक्रोमेटचं क्रोमियम +३ होतं, ती हाफ रिअ‍ॅक्शन, म्हणजे नुसती इलेक्ट्रॉन घेण्याची अर्धी बाजू. ऑक्सिजन ७, म्हणून उजवीकडे ७ पाणी. त्यात हायड्रोजन १४, म्हणून डावीकडे १४ एच प्लस. आता चार्ज: डावीकडे डायक्रोमेटचा −२ अन् एच प्लसचा +१४, म्हणजे +१२. उजवीकडे +३. फरक ९! ट्यूशनचे सर म्हणतात, ६ पाठ करून टाक. पण काहून ६?

रामटेकचा_लॅबवाला:
पाठ नको करू, बेटा. तुझ्या ९ मध्येच चूक दिसून राहिली. डायक्रोमेटमध्ये क्रोमियम दोन, उजवीकडे तू लिहिलं एक. ऑक्सिजनला हात लावायच्या आधी क्रोमियम मोजायचं. दोन केले की उजवीकडे +६, बारातून सहा गेले, उरले ६. ताळाही करून घे: प्रत्येक क्रोमियम +६ वरून +३ वर उतरतं, ३ इलेक्ट्रॉन घेतं, दोघांचे मिळून ६. व्हेरायटी चौकात बर्डीकडून ये की धरमपेठेकडून, चौक तोच.

महालची_बारावी:
जमलं काका! फेरसची हाफ रिअ‍ॅक्शन (लोखंड +२ वरून +३, एक इलेक्ट्रॉन देते) ६ ने गुणली, बेरीज केली, दोन्हीकडे +२४. पण तोंडीत विचारतात, आम्ल कायले टाकता? एच प्लस तर आपण कागदावर जुळवायला घेतो ना?

रामटेकचा_लॅबवाला:
कागदावरचे एच प्लस फ्लास्कमध्ये खरोखर खर्च होतात. आमच्याकडे एका पोरानं मोहर सॉल्टमध्ये (फेरसचं मीठ) सल्फ्युरिक आम्ल न टाकताच परमँगनेट सोडलं. शेवटाची खूण म्हणून फिका गुलाबी यायची वाट पाहून राहिला, अन् आला तपकिरी गढूळपणा. परमँगनेटला ५ इलेक्ट्रॉन घेऊन मँगनीज +२ पर्यंत उतरायला ८ एच प्लस लागतात. तेवढे नाही मिळाले तर ते ३ इलेक्ट्रॉनवरच, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडवर अडतं. तोच तो गाळ. पोरगं मनसरचं, तिथं मँगनीजची खाण. म्हणे, सर, खाण फ्लास्कमध्येच उघडली.

सावजी_रस्सा:
आमच्या बॅचनं सल्फ्युरिक संपलं म्हणून एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) ओतलं होतं. परमँगनेटचं रीडिंग जास्त आलं.

रामटेकचा_लॅबवाला:
येणारच. परमँगनेट एचसीएलमधल्या क्लोराइडलाही ऑक्सिडाइज करून क्लोरीन काढतं, त्यात ब्युरेटमधलं (मापाच्या नळीतलं) जास्तीचं परमँगनेट जातं. बेटा, हा प्रश्न तोंडीत हमखास येते. लिहून ठेव, अन् झोप आता.