मरणावरची, पण वाचून बरं वाटेल अशी पुस्तकं सुचवा

म्हापसेकर: चवथीच्या आधी बाबा गेले. आई दुपारची वाचत बसते, पण घरात एकतर पोथ्या नायतर रहस्यकथा. तिला या विषयावर बोलायचंय हे कळतं, आम्हीच विषय बदलतो. नुसती रडवणारी नकोत आणि 'पॉझिटिव्ह राहा'वाली तर अजिबातच नकोत. मराठी असेल तर बरं, इंग्रजी मी वाचून सांगेन.

फोंड्याची_बाय: टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू', 1886 ची, अगदी छोटी. नावाला घाबरू नको. दुखणं वाढत जातं तसे घरचे, डॉक्टर सगळे त्याच्याशी खोटं बोलतात, बरा होशील म्हणून, आणि गेरासिम नावाचा गडी तेवढा खोटं बोलत नाही, मालकाचे पाय खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो कारण तेवढ्यानंच त्याला बरं वाटतं. मला त्यात इव्हानपेक्षा गेरासिमच जास्त लक्षात राहिला.

डिचोलीकार: बाय, नुकतंच माणूस गेलेल्या घरात पहिलंच पुस्तक हे? त्यापेक्षा बॅकमनची 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' दे रे. बायको गेलेला 59 वर्षांचा खडूस माणूस आणि शेजारी राहायला आलेली गरोदर परवानेह, जाम हसवते.

फोंड्याची_बाय: हसवते खरी, पण तो परत परत जीव द्यायला बघतो ते कोण सांगणार? आधी स्वतः वाच, मग ठरव.

पाटोवरचा_वाचक: अमेरिकेतले डॉक्टर अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल', 2014. वडील यवतमाळकडचे, अमेरिकेत सर्जन, त्यांचं आजारपण आणि शेवटी गंगेत अस्थी सोडणं सगळं आहे त्यात. पण मला आवडला तो न्यूयॉर्क राज्यातल्या वृद्धाश्रमाचा भाग. 1991 मध्ये बिल थॉमस नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे 2 कुत्रे, 4 मांजरं आणि 100 छोटे पोपट आणले, पोपट आले तेव्हा पिंजरेच आले नव्हते! न बोलणारे म्हातारे बोलायला लागले, जवळच्या दुसऱ्या आश्रमाशी तुलना केली तर औषधं निम्म्यावर, मृत्यूही 15 टक्के कमी. आजारी माणसाला कोणाची तरी काळजी घ्यायला मिळणं ही पण मायाच ना. सेंट्रल लायब्ररीत विचारून बघ.

म्हापसेकर: थँक्स सगळ्यांना. गावंडे आधी. आईला पोपटांचं सांगितलं तर म्हणते, आणि त्यांची घाण कोण काढायचं?