सर्वात प्रसिद्ध रस्ता कोणता? : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-२०४ (सांस्कृतिक समिती) : सर्व सभासदांना नमस्कार. १५ ऑगस्टच्या बालप्रश्नमंजूषेत ‘देशातील सर्वात प्रसिद्ध रस्ता कोणता?’ असा प्रश्न आहे. परंतु उत्तरावर समितीतच एकमत होत नसल्याने कृपया आपले मत कारणासह कळवावे.

ए-१०१ : कर्तव्यपथ. २६ जानेवारीचे संचलन साऱ्या देशात घरोघरी पाहिले जाते.

सी-३०२ : काका, प्रसिद्धी संचलनाची आहे, रस्त्याची नव्हे. इंग्रजांच्या काळात किंग्जवे, नंतर राजपथ आणि २०२२ पासून कर्तव्यपथ अशी त्याची नावे बदलत गेली. त्यातही ‘किंग्जवे’ म्हटले की नागपूरकराला आधी आपला कस्तुरचंद पार्कजवळचा रस्ताच आठवतो!

बी-१०२ : श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या नागपुरातून जातो, याचा विसर पडू नये.

सी-३०२ : तो देशातील सर्वात लांब महामार्ग आहे हे खरे, पण लांबी म्हणजे कीर्ती नव्हे.

ए-४०३ : माझे मत चांदणी चौकाला. शाहजहानची कन्या जहांआरा हिने १६५० च्या सुमारास ही पेठ वसवली, मधोमध कालवा वाहत असे, आणि लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या त्या रस्त्यावर आजही लग्नाच्या खरेदीसाठी झुंबड उडते. मरीन ड्राइव्हचे नाव कोणी घेईलच, पण तो विसाव्या शतकातला.

सी-३०२ : ताई, चांदणी चौक पुण्यातही आहे, नुसते नाव घेतले तर कोणता, असे विचारावे लागते. महात्मा गांधी मार्गाचे तर विचारूच नका. माझी कसोटी अशी की, शहराचे नाव न जोडता रस्ता ओळखू यावा आणि त्याचे नाव रस्त्यापलीकडच्या एखाद्या गोष्टीसाठी रूढ झालेले असावे. या कसोटीला मुंबईची दलाल स्ट्रीट उतरते. रस्ता म्हणून ती फोर्टमधली एक आखूड, दाटीवाटीची गल्ली आहे; मुंबई शेअर बाजारातील व्यवहार १९९५ पासून संगणकावर होऊ लागल्याने तेथील दलालांचा आरडाओरडा संपला, राष्ट्रीय शेअर बाजाराचे कार्यालय तर वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तरीही बाजार कोसळला की वृत्तपत्रे ‘दलाल स्ट्रीटवर हाहाकार’ असेच छापतात, आणि ज्याने मुंबई पाहिलेली नाही असा आपल्या सीताबर्डीवरचा दुकानदारही त्याचा अर्थ अचूक समजतो.

ए-१०१ : तुमचे पैसे बाजारात अडकलेले दिसतात.

सी-३०२ : अडकले आहेत, काका, म्हणून निकाल बदलत नाही.

ए-४०३ : माझ्या आईला विचारून पाहा. तिला दलाल स्ट्रीट ठाऊक नाही, चांदणी चौक मात्र नक्की ठाऊक आहे.

सी-३०२ : हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

बी-२०४ (सांस्कृतिक समिती) : सर्वांचे आभार. मूळ प्रश्न रद्द करून त्याऐवजी ‘कोणत्या रस्त्याचे नाव शेअर बाजारासाठी वापरले जाते?’ आणि ‘चांदणी चौक कोणी वसवला?’ असे दोन प्रश्न घेत आहोत. ज्या पालकांनी ही चर्चा वाचली आहे, त्यांनी कृपया उत्तरे मुलांना सांगू नयेत.