‘स्फिंक्स’ मासिक बंद का झालं?

रुमालवाला: मंडळी, जादूगारांच्या जुन्या मासिकांचे स्कॅन चाळतोय. अमेरिकेतलं ‘स्फिंक्स’ १९०२ ते १९५३ चाललं. एवढं मानाचं मासिक थांबलं कसं?

हातचलाखी: संपादक जॉन मुलहॉलंड १९३० पासून ते सांभाळत होते. १९५३मध्ये त्यांनी सीआयएचं काम घेतलं. हेरांसाठी हातचलाखीची पुस्तिका लिहायची, कुणाच्या पेयात नकळत गोळी कशी टाकायची वगैरे. मासिक तिथेच थांबलं. मला याचं फार वाईट वाटतं. लोकांना रिझवणारी विद्या अशा कामाला जुंपायला नको होती.

रुमालवाला: बापरे! आणि प्रसिद्ध जादूगार हुडिनीचं या मासिकाशी वाकडं होतं ना?

हातचलाखी: हो, मुलहॉलंडच्या आधीचे संपादक डॉ. विल्सन यांच्याशी. म्हणून तर त्याने १९०६मध्ये स्वतःचं मासिक काढलं. १९०८मध्ये तेही संपलं. पुढे दोघांची दिलजमाई झाली. तुम्ही विल्सनच्या काळातले अंक आधी वाचा. जाहिराती अजिबात सोडू नका, कोण कुठली जादूची पेटी विकत होतं ते त्यांतच कळतं.

पत्तेबाज: ‘जिनी’ हे जादूगारांचं मासिकही बघा. विल्यम लार्सन यांनी १९३६मध्ये सुरू केलं. त्यांच्याच मुलांनी १९६३मध्ये हॉलिवूडला ‘मॅजिक कॅसल’ हा जादूगारांचा क्लब उघडला.