घरगुती ग्रीक खानावळीत जेवलात का? अनुभव सांगा

चिंचगुळ :
ग्रीसला जायचं घाटतंय. तिकिटं, फेरीबोटी, हॉटेलं हे नवऱ्याचं खातं, पोटापाण्याचं माझ्याकडे. बरोबर सासू-सासरे आहेत. सासूबाई मासे आवडीनं खातात, सासरे अंडंसुद्धा खात नाहीत, आणि 'बाबा, सॅलड घ्या ना' म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

याद्या भरपूर वाचून झाल्या. सगळीकडे गच्चीवरून दिसणारा अक्रोपोलिस आणि भल्यामोठ्या प्लेटीत तीन घास. ते नकोय. आई रांधतेय, मुलगा ऑर्डर घेतोय, बाप गल्ल्यावर बसलाय, अशा ठिकाणचे अनुभव हवेत. ग्रीसमधलेच हवेत असं नाही, ग्रीक माणूस जिथं गेला तिथं त्यानं खानावळ काढलीच आहे. काय मागवलंत, बिलात काय निघालं, सगळं लिहा. लांबलं तरी चालेल.

निवृत्त चीफ :
ग्रीक मालकांच्या जहाजांवर माझी उमेदीची वर्षं गेली. पिरेअस बंदरात उतरलं की आक्ती मियाऊली रस्त्यावरच्या ऑफिसात कागद उरकायचे आणि मागच्या गल्लीत जेवायला. हे ऐंशीच्या दशकातलं सांगतोय.

मेनूकार्ड असायचं, पण ते कुणी उघडत नसे. म्हातारा मालक मानेनंच खुणावायचा, या आत. आत म्हणजे थेट स्वयंपाकघरात. शेगडीवर मोठमोठे टोप मांडलेले. म्हातारी एकेक झाकण उचलून दाखवणार : टोमॅटोत शिजवलेली फरसबी, भेंडी, बटाट्यांबरोबर ओव्हनमध्ये भाजलेलं कोकरू. बोट दाखवायचं आणि बाहेर येऊन बसायचं. टेबलावर कागद अंथरलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला चिमटे. सुटी वाइन किलोवर मिळते तिथं. अर्धा किलो म्हटलं की ॲल्युमिनियमच्या ठोकलेल्या जगमध्ये भरून यायची. जेवण झालं की म्हातारा कानामागची पेन्सिल काढून त्याच कागदावर हिशोब मांडायचा, तेलाचे डाग चुकवत चुकवत.

एक सांगून ठेवतो, या भाज्या वाफाळत्या येत नाहीत. सकाळी शिजवून ठेवतात, दुपारी कोमट खातात. ऑलिव्ह तेलात मुरल्याशिवाय चव उतरत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. आमचा सेकंड इंजिनिअर साताऱ्याचा, गरम करून द्या म्हणून हटून बसला. म्हातारीनं पावाचा तुकडा त्याच्याच ताटलीत बुडवला आणि त्याच्या हातात कोंबला. खाल्लं गुपचूप. गरम करून मिळालं नाही ते नाहीच.

अशी ठिकाणं अजून आहेत. दुपारी दोनच्या सुमारास आत आजूबाजूचे दुकानदार, टॅक्सीवाले जेवत असतील आणि दारात फोटोंचा फलक दाखवून बोलावणारा कुणी नसेल, तर बिनधास्त शिरा.

अंडंही नको :
चिंचगुळ, सासऱ्यांची काळजी सोडा. ग्रीस हा शाकाहाऱ्यांसाठी युरोपातला बहुधा सगळ्यात सोपा देश आहे, आणि त्याचं कारण चर्च. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास आपल्याला लाजवतील इतके : ईस्टरआधीचे जवळजवळ सात आठवडे, ख्रिसमसआधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, शिवाय वर्षभर बहुतेक बुधवार-शुक्रवार. उपवासात मांस, दूध, अंडी बंद, मासेही बहुतेक दिवशी बंद. सगळे काही पाळत नाहीत, पण पदार्थ मात्र शतकानुशतकं घराघरांत मुरलेले आहेत. घरगुती खानावळीत 'निस्तीसिमो' (उपवासाचं) काय आहे असं विचारा. आजी असेल तर खूश होऊन यादीच म्हणून दाखवते.

मागवण्यासारखं : यीगान्देस (मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे टोमॅटोत भाजलेले), ब्रियाम (वांगी-बटाटे-झुकिनी), पिवळ्या डाळीची फावा, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि तेल घातलेलं होर्ता. सिफ्नोस बेटावर गेलात तर रविवारी रेवीथाडा चुकवू नका. छोले शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात, ते दुसऱ्या दिवशी दुपारी काढतात. कांदा, तेल, तमालपत्र, बस्स.

आता सापळे. उपवासाला ऑक्टोपस, कोळंबी, माकूळ चालतं, त्यामुळे 'निस्तीसिमो'बरोबर 'समुद्रातलं काही नको' हेही सांगायचं. तारामोसालाता दिसते निरागस, पांढरट-गुलाबी चटणीसारखी, पण ती माशाच्या अंड्यांची. भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांमध्ये कधी नुसता भात असतो, कधी खिमा. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचंही तेच, वर अंडं-लिंबाचा रस्सा ओतलेला असू शकतो. विचारून घ्या, चिडत नाहीत.

ओकलीकर :
मेलबर्नमध्ये ग्रीक इतके, की थेसालोनिकी शहराशी या शहराचं भगिनीनातं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत बोटी भरभरून लोक आले. आता तिसरी पिढी ओकलीच्या ईटन मॉलमध्ये फ्रेडो (गार कॉफी) पीत बसलेली असते.

आम्ही जातो ती खानावळ मॉलपासून जरा आडबाजूला. मुलगा वकिली सोडून गल्ल्यावर आलाय, सून हिशोब बघते, आणि आजी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून फरसबीच्या शिरा काढत असते. तुमचं जेवण चालू असताना तिची सुरी चालू. मान वर न करता सगळ्यांच्या ताटल्यांवर लक्ष. आमच्या लेकीनं पालकाची पाय (पालक भरलेली पेस्ट्री) उष्टी टाकली, तर आजी उठून आली, मला ग्रीकमध्ये काहीतरी सुनावलं आणि पोरीला हात धरून आत घेऊन गेली. मी आणि बायको एकमेकांकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी पोरगी बाहेर आली ती तोंडाला मध लावून, हातात लुकुमादेसची (मधातल्या तळलेल्या गोळ्यांची) वाटी. पाय कोण खाणार? ती आजीनं बांधून दिली, आणि पैसे दोन्हीचे लावले नाहीत.

सूचना एकच, माणशी एक पदार्थ मागवू नका. चौघांत तीन बास. सगळं टेबलाच्या मध्ये ठेवायचं आणि वाटून खायचं.

श्टुटगार्टची :
जर्मनीतल्या ग्रीक खानावळींबद्दल कुणी बोलेल का? १९६० साली जर्मनीनं ग्रीसशी कामगारभरतीचा करार केला, गाड्या भरून माणसं कारखान्यांत आली, आणि पुढं त्यातल्या कित्येकांनी खानावळी काढल्या. इथं गावोगावी एक ग्रीक असतोच. मालक बसताक्षणी ऊझो (बडीशेपेच्या चवीची ग्रीक दारू) पुढे करतो, पैसे न घेता. पाणी घातलं की ती दुधाळ होते, ते बघायला माझे वडील दर खेपेला उत्साहानं येतात, पीत नाहीत.

पण स्पष्ट बोलायचं तर जेवण जर्मन जिभेसाठी बेतलेलं. गिरोस, बिफ्तेकी, भाजलेल्या मांसाचा डोंगर, बाजूला कोबी आणि टोमॅटोभात. वर लिहिलेल्या भाज्यांतलं कार्डावर काहीच नव्हतं. शेवटी मालकीणबाईंना विचारलं, तुम्ही घरी काय जेवता? त्या हसल्या, म्हणाल्या, मंगळवारी ये. मंगळवारी मसूर केले होते, व्हिनेगर घातलेले. आता फोन करून जाते. कार्ड बघणं सोडलं.

वांद्रे ते विस्कॉन्सिन :
शिकागो राहिलं का? हॉलस्टेड स्ट्रीटच्या ग्रीकटाउनमध्ये चीज पेटवून देतात, वेटर 'ओपा!' ओरडतो, ज्वाळा छताकडे. हा प्रकार ग्रीसचा नव्हे, शिकागोचाच. १९६८ च्या सुमारास 'द पार्थेनॉन' नावाच्या खानावळीत सुरू झाला असं सांगतात. ती २०१६ मध्ये बंद पडली. ग्रीसमध्ये सागानाकी मागवलंत तर मुकाट तळलेलं चीज आणि लिंबाची फोड मिळेल. सासऱ्यांना चालेल, मात्र चीजमधलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, बहुधा वासरा-कोकरांच्या पोटातलं) चालतं का ते आधीच ठरवा.

साजूकतूप :
नाक्सोस बेटावर बंदरामागच्या गल्लीत जेवलो. बिल मागितल्याशिवाय आणतच नाहीत, टेबल रात्रभर तुमचं. मागितलं तेव्हा आधी हलवा आला, न मागवलेला, खानावळीतर्फे. असं शेवटी काहीतरी देतातच : कलिंगड, दही-मध, क्रीटला गेलात तर राकी. पीत नसाल तर आधीच सांगा, मग गोड येतं.

तर हा हलवा म्हणजे सरळसरळ आपला शिरा, फक्त तेलातला आणि गार. मालकीणबाईंनी बोटांवर मोजून दाखवला : एक वाटी ऑलिव्ह तेल, दोन जाडा रवा, तीन साखर, चार पाणी. रवा तेलात चांगला तांबूस होईपर्यंत भाजायचा. पाकात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. उकळता पाक रव्यावर ओतताना हात लांब ठेवा, भयंकर उडतं. कडा सुटल्या की साच्यात दाबायचा, गार झाला की उलटा करायचा. दूध-तूप काहीच नाही, म्हणून उपवासालाही चालतो. पुण्यात करून बघितला. साखर मी अडीचवर आणली, तरी गोडच.

उगाच चिकित्सक :
तेलातला शिरा? नाव तर बदला हो आधी तुमचं.

माकूलमसाला :
सासूबाई मासे खातात म्हणून हे लिहितेय. ताजा मासा किलोच्या भावानं असतो. आत नेऊन बर्फावरचे दाखवतात, आपण निवडायचा. निवडल्यावर वजन डोळ्यांदेखत करून घ्या आणि आकडा बोलून घ्या. एका गर्दीच्या बेटावर आम्ही मासा निवडला एक, आणि बिलात जे वजन लागलं त्यात त्याचा भाऊही असावा. घरगुती वगैरे पाटी तिथंही होती! वाद घातल्यावर कमी केलं.

गोठवलेल्या पदार्थापुढं कार्डावर फुली किंवा चांदणी असते, तळटीप वाचा. पाव न मागता येतो आणि त्याचे माणशी पैसे लागतात, नको असेल तर येताक्षणी परत करा. आणि पावती दिली नाही तर पैसे द्यायला गिऱ्हाईक बांधील नाही, असं ग्रीसमधल्या मेनूकार्डांवर छापलेलंच असतं. मी बोट ठेवून दाखवलं होतं.

बाकी बांगड्यासारखा कोळशावर भाजलेला लहान मासा, वर फक्त लिंबू-तेल, मसाला शून्य. पहिला घास फिका लागतो. नंतर काटेच उरतात.

शिवोलीकार :
लांब जायच्या आधी गोव्यात सराव करा. 'थलासा' वागातोरला सुरू झालं, कॉर्फूहून आलेल्या बाईंचं. आता शिवोलीत नदीकाठी आहे. आता घरगुती म्हणवत नाही, मोठं झालंय. सूर्यास्ताच्या वेळी जायचं तर आधी फोन करा.

चिंचगुळ :
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना 'अंडंही नको' यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी सिफ्नोसचा रविवार नक्की करून टाकलाय, आता फेरीबोटी त्याभोवती फिरणार. नवऱ्याला रजा ऑगस्टच्या मध्यावर मिळतेय. चालेल का?

निवृत्त चीफ :
अथेन्ससाठी नको. १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा मोठा सण, तिथंही सुट्टी. त्याच्या आगेमागे घरगुती खानावळवाले दाराला चिठ्ठी लावून आपापल्या गावी नाहीतर बेटावर जातात, कधी एक आठवडा, कधी तीन. उघडी राहतात ती तुम्हाला नको असलेली, गच्चीवाली. बेटांवर सगळं चालू असतं पण खोली मिळणं मुश्कील आणि फेरीबोटी खच्चून भरलेल्या. रजा सप्टेंबरवर ढकलता येते का बघा.