प्रतिसाद: फुप्फुसं लहान म्हणून नाही हो

वर कोणीतरी लिहिलंय की दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं लहान असतात म्हणून त्याला श्वास जमत नाही. तेवढंच नाहीये ते. खरी अडचण सर्फॅक्टंटची, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांना आतून जो साबणासारखा थर असतो त्याची. तो नसला की श्वास सोडल्यावर पिशव्या मिटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास नवा कोरा फुगा फुगवण्याइतका जड जातो, बाळ दमूनच जातं बिचारं.

हे शोधलं अमेरिकेतल्या डॉक्टर मेरी एलन एव्हरी बाईंनी, संशोधक जेरे मीडसोबत, १९५९ साली. तोवर डॉक्टर लोक फुप्फुसात काय जास्तीचं साचलंय तेच बघत बसले होते, बाईंनी काय नाहीये ते बघितलं! (त्यांना स्वतःला तरुणपणी टीबी झालेला, फुप्फुसांचा नाद तिथूनच लागला.)

पण औषध यायला वेळ लागला. १९६३ मध्ये केनेडींचं बाळ याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेलं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं मूल असून. शेवटी १९८० मध्ये जपानच्या डॉक्टर फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट १० बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं आणि ते लागू पडलं. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला बाळंतपणाआधीच स्टेरॉइड देतात ते वेगळं, त्यावर नंतर लिहितो.