मदत हवी: डब्ल्यूएसएलमधून व्हर्च्युअलबॉक्सच्या उबुंटूपर्यंत आरसिंक पोहोचत नाही

नमस्कार मंडळी,

विंडोज ११ वर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यात उबुंटू सर्व्हर (लिनक्स). नेटवर्क नॅटवर, म्हणजे बाहेरून थेट व्हीएमपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून १२७.०.०.१ च्या (म्हणजे याच संगणकाच्या) २२२२ पोर्टवरून आतल्या २२ वर (एसएसएच, म्हणजे सुरक्षित रिमोट लॉगिनचा पोर्ट) पोर्ट फॉरवर्डिंग केलंय. पॉवरशेलमधून एससीपी (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) अगदी व्यवस्थित चालतं, फाइल आत जाते आणि बाहेरही येते. (एसएसएचला पोर्ट धाकट्या पी ने आणि एससीपीला मोठ्या पी ने द्यायचा, ही कुणाची करामत देवच जाणे.)

अडचण मोठ्या फाइलींची आहे. डेटाबेसचा बॅकअप ३०-४० जीबीचा असतो आणि मध्येच तुटला की एससीपी पुन्हा शून्यापासून सुरू करतं. म्हणून आरसिंक (फाइल कॉपी करणारं दुसरं साधन) वापरायचंय, पार्शल पर्यायासकट, म्हणजे अर्धवट आलेली फाइल टिकते आणि तिथून पुढे चालू करता येतं. विंडोजमध्ये ते मुळात नसतं, म्हणून डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मधून चालवलं, तर थेट ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. माझ्या समजुतीप्रमाणे डब्ल्यूएसएल २ चं नेटवर्क वेगळं असल्याने तिथलं १२७.०.०.१ म्हणजे विंडोज नव्हेच.

मग यातलं काय करावं? फॉरवर्डिंगच्या नियमात होस्ट आयपी रिकामा सोडला तर पोर्ट ऑफिसच्या अख्ख्या नेटवर्कला उघडा पडेल, ते नकोय. डब्ल्यूएसएल मिरर्ड मोडवर (विंडोजचंच नेटवर्क वापरणारा मोड) टाकायचं, की व्हीएमला दुसरं होस्ट-ओन्ली अ‍ॅडॉप्टर (फक्त विंडोज आणि व्हीएममधलं खासगी नेटवर्क) द्यायचं? मिरर्ड मोड रोज वापरणारं कुणी आहे का? व्हीपीएन चालू असताना त्रास होतो का?

शेअर्ड फोल्डर सुचवू नका, प्लीज. तिथे लिनक्सच्या फाइलींचे मालक आणि परवानग्या टिकत नाहीत, आणि मला त्या जशाच्या तशा हव्यात.